आधी काळीला विचारा

अमरावतीच्या पश्चिमेला, भातकुलीच्या अंगाला वाढलेल्या एका नव्या वस्तीत माझ्या थोरल्या भावाचे घर आहे. नोकरीतून निवृत्त होताना हाती आलेल्या पैशांतून दादाने ते बांधले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे न्हाणी. वास्तुशांतीला सगळे गणगोत जमले होते. पुढच्याच उन्हाळ्यात देवघराच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला आणि तिरपा वर चढत गेला. वहिनींनी त्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली. दिवाळीला पाहिले तर तडा जवळजवळ मिटलेला होता. वहिनींनी तीही तारीख लिहिली. आता त्या भिंतीवर एक अक्षय्यतृतीयेची आणि एक दिवाळीची, अशा जोडीजोडीने तारखा आहेत. तडा दरवर्षी उघडतो, दरवर्षी मिटतो आणि दरवर्षी थोडा पुढे सरकतो.

घर बांधणाऱ्या मिस्त्रीला दादाने बोलावून आणले. मिस्त्री जुना, हाताचा सच्चा. त्याने तडा पाहिला आणि मान हलवली. ‘भाऊ, हे काई जमीन हाय. उन्हायात तोंड उघडते, पावसायात मिटते.’ मी विचारले, ‘बांधायच्या आधी जमीन तपासली होती का?’ तो म्हणाला, ‘तपासली न्! पायाचा खड्डा खोदला तवा सब्बल मारून पाह्यली. गोट्यावानी लागली.’ ‘कोणत्या महिन्यात?’ मिस्त्री क्षणभर थांबला. ‘मे महिन्यात.’

हा लेख त्या एका उत्तरासाठी लिहितो आहे. मिस्त्रीने जे केले ती जमिनीच्या बळाची जागेवरची चाचणीच होती. सब्बल हे त्याचे यंत्र, हाताला बसलेला झटका हा त्याचा आकडा. आकडा खोटा नव्हता. मे महिन्यातली काळी खरोखरच दगडासारखी असते. पण तो आकडा मे महिन्याचा होता आणि घर बाराही महिने तिथे उभे राहायचे होते. मोठ्या कामांवर सब्बलीच्या जागी मोजमापाची यंत्रे येतात आणि अलीकडे त्या मोजमापांचा अर्थ लावायला संगणक येतो. पण मे महिन्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही. तो सुटावा असे वाटत असेल तर संगणकाकडून नेमके काय मागायचे, हे आपण वऱ्हाडी माणसांनी समजून घेतले पाहिजे.

काळी आणि पांढरी

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत गावाचा उल्लेखच काळी-पांढरी असा होतो. पीक काळीत घ्यायचे, घर पांढरीवर बांधायचे. घरेही मातीच्या जाड भिंतींची, वर धाबे. भिंतीला भेग पडली तर पावसाळ्यापूर्वी लिंपून घ्यायची. माती हलली तर घरही तिच्यासोबत थोडे हले आणि दरवर्षीच्या लिंपणात ते जिरून जाई.

आता अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, सगळीकडे गावे पांढरीवरून उतरून काळीत आली आहेत. कालपर्यंत जिथे कपाशी आणि तूर उभी होती तिथे आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले आहेत. घरेही बदलली. विटा, सिमेंट, काँक्रीटचा स्लॅब. ही घरे मजबूत खरी, पण ताठ. पायाखालची माती एका कोपऱ्यात बोटभर उचलली तरी ती वाकत नाहीत, तडकतात.

काळी अशी का वागते, हे थोडक्यात सांगतो. आपली काळी माती बहुतांशी बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजे भरपूर आहेत. या खनिजांचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी. पाणी मिळाले की पापुद्र्यांमध्ये शिरते आणि चवड फुगते. पाणी गेले की ती आक्रसते. फुगणाऱ्या मातीचा वर जाणारा रेटा पुष्कळदा एकमजली घराच्या भाराएवढा, कधी त्याहून अधिक असतो. मे महिन्यात उरलेसुरले पाणी कणांना एकमेकांकडे ओढून घट्ट धरते, म्हणून माती दगडासारखी लागते. शास्त्रज्ञ या ओढीला चूषण म्हणतात. पाऊस मुरला की चूषण संपते आणि त्यावर उभे असलेले बळही त्याच्यासोबत जाते.

पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक गुंता आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेला आपला खारपाण पट्टा. तिथे गाळाचे थर शेकडो फूट खोल आहेत आणि अनेक ठिकाणी मातीत सोडियमचे प्रमाण जास्त आहे. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी फार सावकाश मुरते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या मातीचा पिकांच्या अंगाने पुष्कळ अभ्यास केला आहे. बांधकामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की वर पाणी साचलेले असताना खाली माती कोरडी असू शकते आणि पाऊस थांबल्यावरही खालचे फुगणे चालूच राहू शकते. एका दिवसाच्या चाचणीत हे कसे दिसणार?

आकडा कुठून येतो

मातीपरीक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेतातल्या मातीची पिशवी येते. २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली आणि नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द घरोघरी पोचले. ती मातीच्या कसाची परीक्षा. मातीच्या बळाची परीक्षा वेगळी आणि ती जमिनीतच घ्यावी लागते, कारण माती उकरून पिशवीत भरली की तिचे बळ मोडलेले असते.

या परीक्षेच्या तीन प्रमुख रीती आहेत. सर्वांत रुळलेली रीत ठोकण्याची. जमिनीत भोक पाडायचे, तळाशी एक पोकळ नळी टेकवायची आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुनःपुन्हा सोडायचा. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढचे ३० सेंटिमीटर शिरायला किती ठोके लागले ते मोजायचे. ठोक्यांची ही संख्या म्हणजेच अभियंत्यांचा ‘एन’. याचे मूळ १९०२ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स गो याने सुरू केलेल्या पद्धतीत आहे. भारतीय मानकातही ती आहे आणि आपल्याकडच्या पुलांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या कामावर लोखंडी तिकाटणे उभे करून ठकठक करणारी माणसे तुम्ही पाहिली असतील.

दुसरी रीत दाबण्याची. १० चौरस सेंटिमीटर छेदाचा टोकदार शंकू सेकंदाला २ सेंटिमीटर या संथ गतीने जमिनीत दाबत न्यायचा आणि टोकाला किती विरोध होतो ते सतत नोंदवायचे. १९३० च्या दशकात ही पद्धत हॉलंडच्या मऊ जमिनीत रुजली. तिसरी रीत पिळण्याची. चार पात्यांची फिरकी मऊ चिकणमातीत रोवून मिनिटाला सहा अंश इतक्या हळू फिरवायची आणि माती कापली जाताना किती पीळ लागला ते मोजायचे.

या तिन्ही रीतींचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलेच: शितावरून भाताची परीक्षा. पण खरी मेख पुढे आहे. यांपैकी एकही यंत्र मातीचे बळ थेट मोजत नाही. एक ठोके मोजते, दुसरे दाब, तिसरे पीळ. त्यातून बळ काढायला मध्ये एक हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब काही गृहीतांवर उभा असतो.

शंकूचे उदाहरण घ्या. टोकावरच्या विरोधातून वरच्या मातीच्या वजनाचा दाब वजा करतात आणि उरलेल्या आकड्याला एका गुणकाने भागतात, तेव्हा चिकणमातीचे बळ निघते. हा गुणक सर्वसाधारणपणे १० ते २० च्या दरम्यान असतो. समजा उरलेला आकडा १००० आहे. १० ने भागले तर बळ १०० आले, २० ने भागले तर ५०. चाचणी एकच, जमीन एकच, आणि उत्तरात दुपटीचा फरक. कोणत्या आकड्याने भागायचे हे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या चिकणमातीवरच्या अनुभवावरून ठरवले, तर वऱ्हाडच्या मातीचे उत्तर कितपत खरे येणार?

संगणक काय दाखवतो

इथे संगणकाचे काम सुरू होते. पुष्कळांची समजूत अशी, की संगणक आला म्हणजे भोके पाडायची कटकट गेली. प्रत्यक्षात तो उलटी वाट धरतो. तो त्या चाचणीचीच चाचणी घेतो.

जमिनीचा एक ठोकळा संगणकात उभा करतात. त्याचे हजारो लहान घटक पाडतात. प्रत्येक घटकाला मातीचे गुण देतात: ती किती ताठ आहे, किती ताणानंतर हार मानते, तिच्यात पाणी किती, ते किती वेगाने हलते. मग या कल्पित जमिनीत कल्पित शंकू दाबत नेतात आणि प्रत्येक पावलाला कोणता घटक किती दबला याचा हिशेब करतात. ही ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत. १९६० मध्ये अमेरिकेतल्या रे क्लफ यांनी तिला हे नाव दिले. कणकेच्या गोळ्यात बोट घुसवले तर कणीक बाजूला सरकते आणि वर येते, तसेच शंकूभोवतीच्या मातीचे होते. घटकांची जाळी त्यात इतकी वेडीवाकडी होते, की साधा हिशेब मोडून पडतो. म्हणून जाळी पुनःपुन्हा विणणाऱ्या किंवा मातीचे बिंदू जाळीतून मोकळे वाहू देणाऱ्या पद्धती पुढे निघाल्या.

या खटाटोपाचा फायदा असा, की कल्पित जमिनीचे बळ आपणच दिलेले असते. उत्तर आधीच ठाऊक असते. मग शंकूने, फिरकीने किंवा ठोक्याने ते उत्तर कितपत बरोबर सांगितले हे तपासता येते. प्रत्यक्ष शेतात हे कधीच शक्य नसते, कारण तिथे खरे उत्तर कुणालाच माहीत नसते.

असे तपासल्यावर पुष्कळ गोष्टी उजेडात आल्या. फिरकीभोवती मातीचा दंडगोल सगळीकडे एकाच क्षणी सारख्या ताणाने कापला जातो, असे पाठ्यपुस्तकातले सूत्र धरते. संगणकी हिशेबात पात्यांच्या टोकांशी ताण आधी वाढतो, माती तिथे आधी हार मानते आणि वरच्या-खालच्या तोंडांवर ताण सारखा नसतो. शंकूच्या बाबतीत दिसते ते असे, की तो आपल्या टोकाखालची माती आधीच ‘ओळखतो’. मऊ थराच्या मध्ये पातळ कडक पापुद्रा असेल तर शंकू त्याची पुरती ताकद दाखवण्याआधीच खालचा मऊपणा त्याला जाणवतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

आता हे आपल्या मातीला लावून पाहा. काळीत खाली ठिकठिकाणी चुनखडीचे खडे असतात. विहीर खोदणाऱ्याला ते चांगले माहीत आहेत. ठोकायच्या नळीच्या तोंडाशी असा एखादा खडा आला की ठोके एकदम वाढतात. अहवालात ‘एन’ मोठा लागतो आणि वाचणारा म्हणतो, जमीन उत्तम. बळ असते त्या खड्याचे आणि घर उभे राहणार असते त्याच्या भोवतालच्या मातीवर. उन्हाळ्यातल्या भेगांचा प्रकार उलटा. फिरकी भेगेत पडली तर बळ नाहीच असे वाटेल. खडा, भेग आणि चूषण या तीन गोष्टी संगणकातल्या जमिनीत घालून चाचणीचा आकडा कसा बदलतो ते पाहिले, तर वऱ्हाडातल्या अहवालांचा अर्थ अधिक शहाणपणाने लावता येईल.

ऋतूचा प्रश्नही असाच हाताळता येतो. कोरड्या आणि ओल्या मातीचे वागणे एकाच गणितात बसवण्याचा मोठा प्रयत्न १९९० मध्ये स्पेनमधील बार्सिलोनाच्या अलोन्सो, जेन्स आणि जोसा यांनी प्रसिद्ध केला आणि पुढे फुगणाऱ्या मातीसाठीही तो वाढवला गेला. अशा गणिताच्या आधारे मे महिन्यातल्या चाचणीवरून सप्टेंबरातले बळ किती उरेल याचा अंदाज बांधता येतो. पण अंदाज खरा की खोटा, हे ठरवायला सप्टेंबरात त्याच जागी पुन्हा चाचणी घ्यायलाच हवी. आपल्याकडे नेमके हेच होत नाही.

दोन दुर्घटना

संगणकाच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्या विरोधातली बाजूही सांगितली पाहिजे. जगातल्या दोन गोष्टी मला या संदर्भात नेहमी आठवतात.

पहिली कॅनडातली. विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे धान्याचे प्रचंड कोठार बांधले होते. पायाच्या पातळीवर भार देऊन जमीन तपासली होती आणि ती पुरेशी बळकट निघाली होती. ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्य भरत असताना अख्खे कोठार एका बाजूला कलंडले. पुढे १९५० च्या दशकात तिथे खोल भोके पाडून पाहिले, तेव्हा कडक मातीच्या खाली मऊ चिकणमाती सापडली. छोट्या पाटावर दिलेला भार तिथवर पोचलाच नव्हता, कोठाराचा पोचला. ज्या खोलीवर प्रश्नच विचारला नाही, तिथले उत्तर कुठल्याही यंत्राकडून येत नाही.

दुसरी सिंगापूरची. भुयारी रेल्वेसाठी निकोल हायवेच्या कडेला खोल खोदकाम चालू होते. २० एप्रिल २००४ रोजी ते कोसळले आणि चार माणसे मेली. तिथे चाचण्या होत्या, संगणक होता, जगभर नावाजलेली प्रणाली होती. चौकशीत ज्या गंभीर चुका निघाल्या, त्यांतली एक संगणकातल्या मातीची होती. मऊ सागरी चिकणमातीसाठी हिशेबाची जी रीत निवडली होती, ती त्या मातीचे बळ खऱ्यापेक्षा जास्त धरत होती. आधाराच्या लोखंडी जोडांचीही चूक होतीच. पण पडद्यावरची भिंत खऱ्या भिंतीपेक्षा कमी वाकत होती, आणि पडद्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना ते उशिरा उमगले.

पहिल्या गोष्टीत तपासणी अपुरी होती, दुसऱ्या गोष्टीत तपासणीचा अर्थ लावणे चुकले. संगणकाच्या हिशेबात आणखी एक धोका आहे. मातीचे गुण बदलत बदलत संगणकाचा आकडा प्रत्यक्ष चाचणीच्या आकड्याशी जुळवता येतो. पण तो वेगवेगळ्या गुणांच्या जोड्यांनी जुळू शकतो. ताठ पण दुबळी माती आणि मऊ पण चिवट माती, दोन्ही एकच आकडा देऊ शकतात. म्हणून एका भोकाच्या एका आकड्यावर जुळवलेला रंगीत आलेख कुणी समोर ठेवला, तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत. जमीन कोणत्या महिन्यात तपासली? आणि या हिशेबाने सांगितलेली कोणती गोष्ट पुढे प्रत्यक्षात मोजून पाहिली?

आपल्याकडचे धडे

काळ्या मातीचा अभ्यास आपल्याकडे झाला नाही असे मुळीच नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात या मातीवर मोठ्या आकाराचे प्रयोग केले. फुगण्याचा रेटा प्रचंड असूनही साधारण मीटरभर खोलीखालची माती फुगत नाही, असे त्यांना आढळले. तेवढ्या मातीचे वजन त्या रेट्यापुढे काहीच नसते, हे ध्यानात घ्या. यावरून त्यांनी सुचवले, की न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर काळीवर घातला तर तो तिला आवरून धरतो. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर हे तंत्र वापरले गेले आणि कालव्यांच्या भारतीय मानकातही ते आले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले खुंट काढले. ते खोल काळीत साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे ऋतूंचा त्रास जिथे फारसा पोचत नाही तिथवर, नेऊन रोवतात.

या दोन्ही उपायांचा जन्म मातीजवळ बसून, तिला ओली-कोरडी करून, मोजून झाला. मला वाटते, संगणकाचा खरा उपयोग या परंपरेला पुढे नेण्यात आहे. थर मीटरभराचाच का? खारपाण पट्ट्यात तो किती असावा? घराच्या एकाच बाजूला न्हाणीचे पाणी मुरत असेल तर काय होईल? शेजारचे कडुलिंबाचे झाड मे महिन्यात किती पाणी ओढते? प्रत्येक प्रश्नासाठी खरे घर बांधून पाहता येत नाही. संगणकात ते बांधता येते, पाडताही येते. मात्र त्या संगणकात भरायची माती बार्सिलोनाची किंवा बोस्टनची असून चालणार नाही. ती दर्यापूरची, बोरगावची, बाळापूरची हवी.

अमरावती-अकोला रस्ता आठवा. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. आपल्या सर्वांना त्याचा अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. अशा मोठ्या कामांसाठी जमीन तपासली जाते, अहवाल होतात, तज्ज्ञ असतात. माझी तक्रार त्या रस्त्याच्या दुतर्फा उगवणाऱ्या वस्त्यांविषयी आहे. तिथे आयुष्याची कमाई घालून घर बांधणाऱ्याच्या वाट्याला अजून सब्बलच येते.

काय करता येईल

गरिबाला हे परवडेल का, असे लगेच विचारले जाईल. एकेका घराला नाही परवडणार, हे मान्य. पण प्लॉट एकेकटा पडत नाही. शेत अकृषक होऊन त्याचे पन्नास-शंभर प्लॉट होतात. त्या वेळी पूर्ण जागेत मोजकी चार-पाच भोके घेऊन, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या अखेरीस अशा दोनदा चाचण्या केल्या आणि खर्च सगळ्या प्लॉटांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार मोठी रक्कम येणार नाही. प्लॉट विकताना रस्ता, नाली, वीज यांची माहिती देतात तसाच जमिनीचा दाखला द्यावा. थोड्या पण नीट घेतलेल्या चाचण्यांतून पुष्कळ जागेबद्दल बोलता येणे, हाच संगणकी हिशेबाचा गरिबाला होणारा फायदा आहे.

दुसरे, पूल, टाक्या, शाळा, दवाखाने यांच्यासाठी सरकारी पैशांतून जी भोके पाडली जातात, त्यांची माहिती काम संपले की कपाटात जाते. ती एका ठिकाणी जमवून सर्वांना खुली करावी. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; अशा संस्थेने ही नोंदवही सांभाळावी. विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प लागतातच. त्यांनी या नोंदींवर वऱ्हाडच्या मातीची संगणकी प्रतिकृती घडवावी, आणि शेतात खुंट्या ठोकून माती खरोखर किती वर-खाली होते ते वर्षभर मोजून आपले गणित तपासावे.

तिसरे, अहवाल लिहिण्याची शिस्त. चाचणीची तारीख, त्या वेळची जमिनीतली ओल, हातोडा कशाने उचलला, खडे लागले का, भेगा होत्या का, बळ काढताना कोणता गुणक धरला, हे सगळे लिहिलेले असावे. दोरीने उचललेल्या हातोड्याची बरीचशी शक्ती घर्षणात जाते. ते न सांगता दिलेला ‘एन’ अर्धवट असतो. आणि उत्तर एकाच आकड्यात न देता कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, असे द्यावे. घरमालकाला ते कळते. बाजारात कापसाचा भावही तो असाच ऐकतो.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे काही आहे. घराभोवती चारी बाजूंनी उताराची फरशी घालावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरणार नाही. न्हाणीचे आणि संडासाचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. मोठे झाड भिंतीला लागून लावू नये. पायाखाली काळीवर काळीच न भरता योग्य मुरूम थर देऊन, पाणी मारून धुमसून घ्यावा. आणि बांधण्यापूर्वी निदान एका पावसाळ्यात त्या जागेवर चिखलातून चालून यावे.

परवा दादाकडे गेलो होतो. न्हाणीचे पाणी दादाने आता दूर नेले आहे. वहिनींनी भिंतीवरच्या खुणा दाखवल्या. म्हणाल्या, ‘रंग द्यायचा म्हणतात हे. पण या तारखा पुसल्या जातील ना, भाऊजी.’ मी म्हटले, आधी वहीत उतरवून घ्या आणि मगच रंग द्या. कुठल्याशा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्या वहीचा उपयोग होईल. ऋतूमागून ऋतू एकाच जागी उभे राहून घेतलेल्या अशा नोंदी आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि संगणकाला नेमक्या त्याच हव्या आहेत.